तिसऱ्याने कुठे बसावे?

व्यापारी पेठेत एक समजूत फार जुनी आहे. माल चोख असला, की गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येते, असे म्हणतात. आमच्या नाशकात सराफ बाजारातील कोणत्याही पेढीवर घटकाभर टेका, हे वाक्य तुम्हांला ऐकावयास मिळेल. आणि सांगणारा ते मनापासून खरे मानून सांगत असतो. आम्ही मास्तर मंडळी तरी वर्गात निराळे काय सांगतो? नीट अभ्यास करा, गुण आपोआप मिळतील. या समजुतीच्या पोटात एक मोठे गृहीत दडलेले आहे. जगात कोठेतरी एक तराजू टांगलेला आहे, आणि तो चोखपणाला चोख मोल देतो, असे ते गृहीत. दिवाळीच्या या निवांत दिवसांत, फराळाचे ताट बाजूला सारून, वाचकांसमवेत त्या तराजूकडे जरा निरखून पाहावे असे माझ्या मनात आहे. निमित्त आहे मोटारीचे, आणि तीही दोनच माणसांच्या मोटारीचे. मला स्वतःला मोटार चालविता येत नाही. परंतु मोटारीविषयी लिहिण्यास ती चालविता येणे आवश्यक असते, तर राजेरजवाड्यांवरच्या कादंबऱ्या मजसारख्यांनी लिहिल्याच नसत्या.

१९९८ साली गोव्यातील वेर्णा येथील कारखान्यातून एक छोटी मोटार बाहेर पडली. तिचे नाव ‘सॅन स्टॉर्म’. रेल्वेची इंजिने घडविणाऱ्या बंगळूरच्या एका उद्योगसमूहाने ‘सॅन मोटर्स’ नावाने हा उद्योग मांडला होता. गाडीची रूपरेषा फ्रान्समधील मंडळींनी आखलेली. अंग फायबरग्लासचे, म्हणजे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजण्याची धास्ती नाही. पोटात फ्रान्सच्याच रेनॉ कंपनीचे ११४९ सी. सी. चे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. युरोपात त्याच इंजिनावर छोट्या गाड्या रोज शाळा-कचेऱ्यांच्या वाटा तुडवीत होत्या. टप मागे सारला, की डोक्यावर नुसते आकाश. दारे दोन, बैठका दोन. ज्या देशात काल-परवापर्यंत मोटार म्हणजे अ‍ॅम्बॅसडर किंवा फियाट आणि त्यानंतर मारुती, एवढेच ठाऊक होते, तेथे अशी गाडी कारखान्यातून निघावी ही अपूर्वाईच होती. जाणकार तिच्यात उणे-दुणे काढतीलच. जाणकारांचे ते कामच आहे. परंतु विचारपूर्वक, हौसेने आणि पैसा घालून घडविलेली वस्तू होती ती, एवढे कोणीही मान्य करील.

आणि ती चालली नाही. रस्त्यावर म्हणजे चांगली चालली, बाजारात चालली नाही. तुरळक गाड्या विकल्या गेल्या. पुढे कायमच्या छताची आवृत्तीही निघाली. मग हळूहळू नावच विसरले गेले. ज्यांनी ती पाहिली ते अजूनही ‘अरे, ती लाल गाडी!’ म्हणून आठवण काढतात. आठवण काढणाऱ्यांनीच जर एकेक घेतली असती, तर कारखाना आजही चालू असता.

तिचे चित्र मी एकदा आठवीच्या वर्गात नेले होते. निबंधाला विषय द्यावयाचा होता. मुले चित्राभोवती जमली, डोळे विस्फारले, कोणी शीळ घातली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, “सर, पण तिसरा कुठे बसणार?” वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण कारखानदार, दलाल, बँका व वर्तमानपत्रे या सर्वांनी मिळून जो प्रश्न विचारावयास हवा होता तो या पोराने अर्ध्या मिनिटात विचारला होता. पोराच्या घरी आजी आहे, दोन बहिणी आहेत, शिवाय सुटीत येणारा आत्याचा मुलगा आहे. त्याच्या डोळ्यांपुढे मोटार म्हणजे ही सगळी वरात होती.

दोन बैठकांचे वाहन आपल्याकडे चालतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पुण्याच्या बजाज कारखान्याची ‘चेतक’ स्कूटर १९७२ साली आली. तिला बैठका किती? दोन. तिच्यावर माणसे किती? पुढे हँडलला धरून उभा राहिलेला धाकटा, मग वडील, वडिलांच्या पाठीला चिकटलेली मुलगी, आणि तिच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, मांडीवर भाजीची पिशवी. कायद्याला हे मंजूर नव्हते आणि शहाणपणालाही नव्हते. तरीही दोन पिढ्या अशाच हिंडल्या. एस. टी.चेही तसेच. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली. पुढे तिच्या तिघांच्या बाकावर चौथा कसा बसला, हे वाचकांना ठाऊक आहे. ‘जरा सरकून घ्या’ हे चार शब्दांचेही नसलेले वाक्य म्हणजे आपल्या प्रवासाचे सगळे नीतिशास्त्र होय. जो सरकून घेत नाही, तो माणूस शिकलेला असो की श्रीमंत असो, डब्यातल्या सर्वांच्या नजरेतून उतरतो.

स्टॉर्मला सरकून घेता येत नव्हते. तिच्या दोन बैठका अलग अलग, मधे गिअरचा दांडा, मागे भिंत. तिची बांधणीच अशी, की ती तिसऱ्याला नम्रपणे पण ठामपणे ‘तुम्ही मागाहून या’ असे सांगत असे. आता ज्या घराने आयुष्यात एकदाच मोटार घ्यावयाची, त्या घराने हे ऐकून कसे घ्यावे? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिची किंमत ४७,५०० रुपये होती, आणि तेवढ्यासाठीही लोकांनी दागिने मोडले, फंडातून कर्जे काढली. १९९८ मध्येसुद्धा बहुतेक घरांत पहिली मोटारच यावयाची होती. दोन बैठकांची हौशी गाडी ही जगात सगळीकडे घरातली दुसरी गाडी असते. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली अशीच एक छोटी उघडी गाडी काढली, आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. कारण ज्यांनी त्या घेतल्या त्यांपैकी बहुतेकांच्या दारात आजीला दवाखान्यात न्यावयाची गाडी आधीच उभी होती. आपल्याकडे दुसरी गाडी पहिलीच्या आधी आली.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर मी हा लेख लिहावयास बसलो नसतो. कारण त्याच वर्षाच्या अखेरीस टाटांच्या पुण्याच्या कारखान्याने ‘इंडिका’ बाजारात आणली. बाहेरून झेनएवढी आटोपशीर व आत अ‍ॅम्बॅसडरएवढी ऐसपैस गाडी करावयाची, असा तिचा संकल्प होता. लाखाहून अधिक लोकांनी ती डोळ्यांनी नीट पाहण्याआधीच पैसे भरले. आणि पहिल्या गाड्या घरी आल्यावर तक्रारींचा पाऊस पडला. हे वाजते, ते निघते, अमुक बंद पडते. कारखान्याने त्या निस्तरल्या, आणि २००१ साली सुधारलेली गाडी काढली ती जोरात खपली. म्हणजे पाहा, कुरकुरणारी गाडी जिंकली आणि हौसेने घडविलेली हरली! मग वर्गात मी पोरांना जे सांगतो त्याचे काय? तो तराजू कोठे गेला?

यावर एक सरळ उत्तर सुचते. इंडिका करणाराने आधी ‘तुमच्या घरी माणसे किती?’ असे विचारले. स्टॉर्म करणाराने विचारले नाही. ज्याने विचारपूस केली त्याचे दोष लोक पोटात घालतात. आपण माणसांच्या बाबतीतही हेच करतो. हे उत्तर मला काही दिवस पटलेही होते. परंतु नाशकात राहणाऱ्याला ते फार दिवस पटून चालत नाही, कारण आमच्या सातपूरच्या कारखान्यात त्याच्या विरुद्धचा पुरावा तयार झाला.

महिंद्र आणि रेनॉ यांनी ५१ आणि ४९ टक्क्यांच्या भागीदारीत २००७ साली ‘लोगान’ काढली, ती आमच्या गावात. (पुन्हा तीच रेनॉ, जिचे इंजिन स्टॉर्मच्या पोटात धडधडत होते. योगायोगांवर कादंबरीकाराने विश्वास ठेवू नये असे म्हणतात. पण ते घडत राहतात.) लोगानमध्ये पाच माणसे खरोखरच मांडी न आखडता बसत. डिकीत लग्नाचा रुखवत मावावा. उगाच नखरा नाही: खर्च वाचावा म्हणून डाव्या-उजव्या बाजूचे आरसेसुद्धा एकाच साच्यातले. खाचखळग्यांच्या रस्त्यावर ती बैलाच्या संथपणाने जाई. या गाडीने घरातल्या माणसांची मोजदाद केली नव्हती असे कोण म्हणेल? आजी, आत्या, आत्याचा मुलगा, सर्वांना जागा होती.

तरी ती पडली. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला होता, आणि लोगान होती सुमारे सव्वाचार मीटर. वीतभर लांबीने घात केला. पण खरे बोलावयाचे तर कर हे अर्धेच कारण. तिचे रूप पेटीसारखे होते. टॅक्सीवाल्यांनी तिचे गुण तत्काळ ओळखले; आणि टॅक्सीवाल्याने ओळखलेला गुण मध्यमवर्गीय गृहस्थाला आपल्या दारात नको असतो. ‘लोक विचारतील, भाड्याने आणली का?’ हे वाक्य मी या गावात एकाहून अधिक तोंडी ऐकले आहे. २०१० मध्ये भागीदारी मोडली, २०११ मध्ये नाव बदलून ‘व्हेरिटो’ झाले, २०१३ मध्ये शेपूट कापून चार मीटरच्या आत बसविलेली आवृत्तीही निघाली. पण बूड काही सावरले नाही. आणि हीच गाडी रुमानियात २००४ पासून धो-धो खपत होती! एका गावी सुलक्षणी ठरलेली सून दुसऱ्या गावी नापसंत व्हावी, तसेच हे.

तेव्हा वस्तूचा चोखपणा आणि वस्तूचे नशीब हे दोन वेगळ्या दप्तरांत नोंदले जाणारे विषय आहेत, असे म्हणणे भाग आहे. आमच्या जुन्या नाशकात तांबट आळी आहे. तेथील तांब्या-पितळेच्या भांड्यांची कीर्ती मी सांगावयास नको. ठोक्याला ठोका लागून घडविलेला तो हंडा तीन पिढ्या पाणी भरी. मग स्टेनलेस स्टील आले आणि आळीतले ठोके विरळ झाले. यात हंडा गुंजभर तरी निकृष्ट झाला का? मुळीच नाही. संपले ते त्याच्या भोवतीचे घर. चिंचेने आणि राखेने तासन् तास घासणारे हात, कल्हईवाल्याची आरोळी, अंगणातली मोरी, हे सारे संपले. आणि ते हात कोणाचे होते? घरातल्या सुनांचे. ज्या बाईने पहिल्यांदा स्टीलचे पातेले घरी आणले तिने तांबटावर अन्याय केला, असे एखादा संस्कृतिरक्षक म्हणेल. मी म्हणणार नाही. तिने आपल्या मनगटांना न्याय दिला. गिऱ्हाईक हा न्यायाधीश नसतो. तो वस्तूचे गुण ठरवावयास बसलेला नसतो, आपला दिवस कसा जाईल ते पाहत असतो. त्याने नाकारले म्हणून वस्तू वाईट ठरत नाही, आणि वस्तू चांगली होती म्हणून तो कृतघ्न ठरत नाही.

मग घडविणाऱ्याने काय करावे? येथे आपल्याकडे एक सिद्ध उत्तर तयार असते. कर्म करावे, फळाकडे पाहू नये. मजसारख्या लेखकाला हे उत्तर फार सोयीचे आहे. माझ्या एका कादंबरीचे गठ्ठे अजून प्रकाशकाच्या माळ्यावर आहेत. ते उंदरांनी वाचले तरी माझी शाळेतली नोकरी चालूच राहते. परंतु कारखानदाराला हा श्लोक म्हणण्याचा अधिकार आहे काय? याचा विचार करताना मला जर्मनीतील एक हकीगत फार बोलकी वाटते.

म्यूनिकच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९५६ साली ‘५०७’ नावाची दोन बैठकांची गाडी काढली. आल्ब्रेख्ट गोर्ट्स नावाच्या कलावंताने तिचे रूप रेखाटले होते. ज्यांना मोटारीतले कळते ते सांगतात, की यापेक्षा देखणी मोटार क्वचितच झाली असेल. अमेरिकेत ती सुमारे ५,००० डॉलरना विकावयाची असे ठरले होते. घडविता घडविता किंमत दुपटीवर गेली. १९५९ पर्यंत एकूण २५२ गाड्या झाल्या, आणि प्रत्येक गाडीमागे कंपनी खड्ड्यात गेली. १९५९ च्या डिसेंबरात कंपनी प्रतिस्पर्ध्याला विकून टाकण्याचा ठराव भागधारकांपुढे आला होता. तो कसाबसा टळला. या काळात कारखान्याची चूल पेटती ठेवण्यात मोठा वाटा कोणाचा होता? ‘इझेटा’ नावाच्या एका अंड्यासारख्या गाडीचा. कल्पना मूळ इटालियन, उसनी घेतलेली. दार पुढच्या अंगाला, फ्रिजच्या दारासारखे उघडावयाचे. इंजिन फटफटीचे. मुले तिला पाहून हसत. पण १९५५ ते १९६२ पर्यंत तिच्या एक लाख साठ हजारांवर गाड्या झाल्या. आणि गंमत अशी, की इझेटाही दोनच माणसांची! फरक एवढाच, की तिच्यात दोन अलग खुर्च्या नसून एक सलग बाक होते, आणि नवरा-बायको जरा सरकून बसली तर मधे एक पोर मावत असे.

आज ५०७ लिलावात कोट्यवधी रुपयांना जाते आणि रसिक तिच्यापुढे हात जोडतात. परंतु १९५९ च्या हिवाळ्यात ज्या कामगाराला पुढच्या महिन्याचा पगार मिळेल की नाही अशी चिंता होती, त्याला या लिलावातला पैसाही मिळणार नाही. फळाची आशा सोडावी ती स्वतःच्या वाटच्या फळाची. ज्याच्या फळावर चारशे चुली अवलंबून आहेत त्याने निरिच्छपणाचा आव आणला, तर तो दुसऱ्याच्या पोरांच्या ताटातला त्याग असतो. इझेटा घडविणाऱ्या कामगारांना आपण हास्यास्पद वस्तू घडवितो याची लाज वाटली असेल का? वाटली असली, तरी ती त्यांनी भाकरीबरोबर खाल्ली असेल.

येथवर आल्यावर वाचक म्हणतील, मास्तर, म्हणजे सर्वांनी अंडीच घडवावी की काय? तसे मला म्हणावयाचे नाही, आणि येथेच माझे मन अडते. ‘सरकून घ्या’ची मी मघाशी एवढी थोरवी गायिली, पण तिची एक काळी बाजू आहे. ज्या घरात सदैव तिसऱ्याला जागा असते त्या घरात दोघांना कधीच जागा नसते. आपल्या वाड्यांची रचना आठवा. ओटी पुरुषांची, माजघर बायकांचे, पडवी पाहुण्यांची. नवऱ्याने बायकोशी चार शब्द बोलावे अशी खोली कोणती? आमच्या आईच्या पिढीतल्या किती बायकांनी नवऱ्याबरोबर एकटीने, मागे-पुढे कोणी नसताना, तासभर तरी प्रवास केला असेल? गोदाकाठी गेल्या तरी सासूबाईंबरोबर, त्र्यंबकला गेल्या तरी सगळ्या घराबरोबर. एखादीला कधी दोनच बैठकांची गाडी हवीशी वाटली असेल, तर तिला स्वार्थी म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. स्टॉर्म ही श्रीमंतांच्या पोरांची चैन होती, हे खरे असेलही. परंतु दोन माणसांनी, कोणाला न्यावयाचे नाही, काही आणावयाचे नाही, अशा कामाशिवाय निघावे ही कल्पना चैन नव्हे. आणि ती एका वस्तूच्या रूपाने कोणीतरी आपल्यासमोर मांडली, याबद्दल वेर्ण्याच्या त्या कारखान्याचे मी मनातल्या मनात आभार मानतो. त्यांचा हिशोब चुकला. त्यांनी पाहिलेली उणीव खोटी नव्हती.

आणखी एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. आमच्या गावात आता गंगापूर रस्त्यावर सकाळी साडेनऊला उभे राहावे. पाच-पाच, सात-सात बैठकांच्या मोटारी एकीमागे एक खोळंबून असतात. त्या घेतल्या तेव्हा प्रत्येक घराने आजीला, आत्याला, आत्याच्या मुलाला मोजले होते. एकदा शाळेत जाताना सिग्नलपाशी मी सहज डोकी मोजावयास लागलो. पंचवीस गाड्या गेल्या. एकोणिसांत एकेकच माणूस होता. शेजारच्या आसनावर डबा, मागे इस्त्रीचे कपडे. दोघे होते ते पाच गाड्यांत, त्यांपैकी तीन गाड्यांत एक ड्रायव्हर. एका गाडीत मात्र सहाजण कोंबलेले होते आणि पुढे एक म्हातारे गृहस्थ मांडीवर नातवाला घेऊन बसले होते. गाडीवर मागे पिवळी पाटी होती. मी नीट पाहिले. जुनी लोगान होती ती.